उपाशी ऐकणारा

"ऐकणारा उपाशी हवा, जयंती. पोट भरलेल्या माणसाच्या कानात कहाणी उतरत नाही. आणि अडचण आली तर तो आदितवार सोडून द्यायचा. का सोडला म्हणून कोणी विचारलं तरी सांगायचं नाही. ते सांगण्यासारखं नसतं."

आईंचा आवाज. आई म्हणजे माझ्या सासूबाई. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बॅगेचं वजन जास्त भरतंय म्हणून सत्यजित एकेक वस्तू बाहेर काढत होता, आणि त्या एकेक परत आत सारत होत्या. रक्तचंदनाचं खोड, सुताची लडी, सहाण. "आई, सहाण कशाला, जपानमध्ये दगड नसतात का," तो म्हणाला. "तिकडचे दगड तिकडच्यांना," त्या म्हणाल्या आणि सहाण माझ्या साडीत गुंडाळली. त्यांना जाऊन आता सव्वा वर्ष झालं. आवाज तेवढा मागे राहिला आहे आणि तो रविवारी सकाळी येतो, कारण रविवारी सकाळी माझं मौन असतं. उठल्यापासून कहाणी सांगून होईपर्यंत बोलायचं नाही. घरात कोणी बोलत नसलं की तो आवाज मोठा होतो. आज डिसेंबरचा दुसरा रविवार. इथे जपानात, उरायासुच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी बाथटबच्या कडेवर बसले आहे, टबातलं कालचं पाणी गार झालं आहे, आणि सव्वासहा वाजता मला तो डाग दिसला आहे. टिकलीएवढा. सहा दिवस उशीर झाला होता. सहा दिवसांत माणूस काय काय करतो. मी जिना सावकाश उतरत होते. सुपरमार्केटमध्ये तांदळाची पाच किलोची पिशवी उचलली नाही, दोन किलोची घेतली. सत्यजितला काही बोलले नव्हते, पण परवा तो म्हणाला, "काय गं, आज चहा नको?" आणि मी नुसती हसले, आणि तोही हसला, म्हणजे त्यानेही दिवस मोजले होते. आता तो आत झोपला आहे. त्याला उठल्यावर सांगावं लागेल. पण तो प्रश्न नऊ वाजताचा. साडेसातचा प्रश्न वेगळा आहे. साडेसातला खाली सायकलस्टँडपाशी एक माणूस काही न खाता उभा असेल, आणि मी त्याला वचन दिलं आहे.

हे व्रत श्रावणातल्या पहिल्या रविवारी धरायचं आणि रथसप्तमीला सोडायचं. सगळं सहाच्या हिशोबाने. सहा पदरी दोरा, त्याला सहा गाठी, पानावर रक्तचंदनाने सूर्याचं मंडल, त्याला सहा रेघा. विड्याचं पान निशी-कसाईच्या आपल्या इंडियन दुकानात कधी असतं, कधी नसतं. नसेल तेव्हा मी शिसोचं पान घेते, इथे माशाबरोबर खातात ते, कडेला करवत असलेलं. देवाला मनातल्या मनात सांगते, इथलं आहे, चालवून घ्या. कहाणीत मोती आहेत, निम्मे सांगणारीने घ्यायचे, निम्मे ऐकणाऱ्याच्या हातात द्यायचे. आईंनी मोत्यांच्या जागी तांदळाचे दाणे केले होते, सहा इकडे, सहा तिकडे. हे सगळं जमलं. जमला नाही तो ऐकणारा. सत्यजित आठवड्याचे सहा दिवस बँकेच्या सिस्टिमवर रात्री अकरापर्यंत असतो, रविवारी त्याला उपाशी उठवून बसवणं मला पाप वाटायचं. श्रावण लागण्याआधी एकदा बसवून पाहिलं तर तो दाणे मुठीत धरून बसल्या बसल्या झोपला आणि सहाच्या सहा दाणे त्याच्या मांडीवर सांडले. अक्षयाला विचारलं. अक्षया, छोट्या ओवीची आई, निशी-कसाईला राहते, इथली माझी एकुलती एक जवळची. "अगं मी तुझ्यासाठी काहीही करीन," ती म्हणाली, "पण रविवारी आठ वाजेपर्यंत उपाशी? ओवी पॅनकेक मागते आणि अर्धा टाकते, तो कोण खाणार? आणि कळतं का तिला काही, ती तर मला जपानीत उत्तरं देते. तू असं कर, रेकॉर्ड करून ठेव आणि स्वतःच ऐक. तूच उपाशी, तूच ऐकणारी." ती थट्टा करत होती. पण पहिल्या रविवारी मी खरंच भिंतीला कहाणी सांगितली. भिंत काय, तीही उपाशीच. शेवटचं वाक्य म्हटलं आणि वाट पाहिली, कारण सांगून झाल्यावर समोरून एक हुंकार यायचा असतो, आणि फ्रीज तेवढा गुरगुरला.

फिदे-सान मला भेटला तो कचऱ्याच्या जाळीपाशी. जळणारा कचरा मंगळवार, शुक्रवार. माझ्या हातात आठवड्याचं निर्माल्य होतं आणि मी दहा मिनिटं जाळीसमोर उभी होते. देवाची फुलं माशांच्या काट्यांत कशी टाकायची. तो पहिल्या मजल्यावर राहायचा, येता-जाता मान लववायचा, उंच, खांदे पुढे झुकलेले, एक भुवई मधोमध तुटलेली. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्याला ब्राझिलचा समजायचे, कारण इथे परदेशी फुटबॉलवाला म्हणजे ब्राझिलचा. तो मेक्सिकोचा होता आणि सहा वर्षांत त्याने कोणाचं चुकलेलं दुरुस्त केलं नव्हतं. त्याने माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं आणि आमच्या दोघांच्या मोडक्या जपानीत विचारलं, "ओकुसान, हे देवाचं?" ओकुसान म्हणजे वहिनी. मी मान हलवली. तो म्हणाला, "माझी आई देवाची फुलं टाकत नाही. पुरते." मग त्याने पिशवी माझ्या हातातून घेतली. दुसऱ्या दिवशी जिन्यात सांगितलं, सरावाच्या मैदानामागे झाडांची रांग आहे, तिथे पुरली. त्यानंतर दर आठवड्याला पिशवी त्याच्याकडे जायला लागली. आणि श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी मी आंघोळ करून, मौनातच, दाण्यांची वाटी घेऊन दारात उभी होते, भिंतीकडे परत वळायचं जिवावर आलं होतं, तेव्हा तो पळून परत येताना खाली दिसला. मी जिना उतरून गेले. बोलता येत नव्हतं, म्हणून सहा दाणे त्याच्यापुढे धरले. त्याने काय समजून हात पुढे केला कोण जाणे. मी कहाणी सुरू केली. तो मराठीतला एक शब्दही न कळता, घामाने भिजलेला, मूठ छातीशी धरून, शेवटपर्यंत उभा राहिला. संपल्यावर मी पहिली गोष्ट विचारली ती ही, की खाल्लं आहे का काही. "नाही," तो म्हणाला. "का?" मी जपानीत जमेल तसं सांगितलं. ऐकणारा उपाशी हवा असतो. आई म्हणतात. तो म्हणाला, "आमच्याकडे याला मान्दा म्हणतात. देवाला दिलेला शब्द. किती रविवार?" मी बोटं मोजून सांगितले. तो म्हणाला, "ठीक. मी उपाशी."

त्या दिवसापासून दर रविवारी साडेसातला, सायकलस्टँडपाशी, सगळ्यांना दिसेल असं. कहाणी झाल्यावर दहा मिनिटं तो बोलायचा. इतक्या वर्षांत त्याचं ऐकायलाही कोणी नसावं. फ्रेस्नियो नावाचं त्याचं गाव, खाली चांदीच्या खाणी, वडील खाणीत. सोळाव्या वर्षी खाणवाल्यांच्या संघात घेतलं, कारण उंच होता. पहिल्या प्रशिक्षकाने सांगितलं, चेंडूकडे पाहू नकोस, माणसाच्या कमरेकडे पाहा, चेंडू फसवतो, पाय फसवतात, कंबर खोटं बोलत नाही. विसाव्या वर्षी पहिल्या विभागात अकरा मिनिटं खेळला. मग पाच वर्षं तिथे, तीन क्लब. त्यातला एक क्लब एका सकाळी विकला गेला. खेळाडू सरावाला आले तर समजलं की आपण आता दुसऱ्या शहराचा संघ आहोत, बस उभी आहे. एकदा देशाच्या संघाच्या शिबिरात बोलावलं, नंबराचा शर्ट दिला, फोटो काढला, खेळवलं नाही. तो फोटो आईने देवाजवळ लावला आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी एजंटाने जपानला आणलं, पहिल्या विभागात खेळशील म्हणाला, आणि विमानतळावरून थेट दुसऱ्या विभागात नेलं. "मी बचाववाला," तो म्हणायचा. "फॉरवर्ड दहा वेळा चुकतो आणि एकदा गोल करतो, मग त्याचं गाणं करतात. मी नव्वद मिनिटं चुकलो नाही तर कोणाला माझं नाव आठवत नाही. नाव घेतलं की समजायचं, चूक झाली." हे मी वर येऊन पोळ्या लाटताना मनात घोळवत बसायची. माझा व्हिसाही दुसऱ्याच्या नावावर चिकटवलेला. या देशात माझं नाव दिवसच्या दिवस कोणी घेत नाही, आणि ज्या दिवशी फोनवर पुण्याहून कोणी माझं नाव काढतं त्या दिवशी पुढचं वाक्य ठरलेलं असतं, काय, काही विशेष? लग्नाला अकरा वर्षं झाली. मी छत्तीस. व्रत कशासाठी ते मी त्याला कधी सांगितलं नाही. एकदा तो आपल्या गावाजवळच्या देवाचं सांगत होता. बाळदेव आहे. तो रात्री लोकांच्या मदतीला पायी हिंडतो म्हणून त्याचे बूट झिजतात, मग लोक लहान मुलांचे बूट आणून वाहतात. मूल बरं झालं की वाहतात, मूल हवं असलं तरी वाहतात. आईने त्याचे पहिले फुटबॉलचे बूट तिथे ठेवले, आणि शेवटच्या सामन्याचे ठेवायचा शब्द दिला आहे. हे सांगताना तो मधेच थांबला, माझ्या हातातल्या वाटीकडे बघितलं, आणि बुटांचं पुढे काही बोलला नाही. त्यानंतर त्याने व्रताबद्दल एकच प्रश्न विचारला. कहाणीत जी बाई ऐकते तिचं बरं होतं, जी ऐकत नाही तिचं वाईट होतं, हे मी त्याला समजावलं होतं. "आणि सांगणारी, ओकुसान? तिचं काय होतं?" मी खूप आठवून पाहिलं. कहाणीत सांगणारीचं काही नाही.

बाहेरगावी सामना असला की तो हॉटेलच्या पॅसेजमध्ये उभा राहून फोनवर ऐकायचा, आदल्या रविवारचे दाणे मुठीत धरून. खेळतानाही ते दाणे मोज्यात, नडगीच्या पट्टीमागे ठेवतो म्हणाला होता. मागून संघातली पोरं हसताना मला ऐकू यायची. सत्यजितही चेष्टा करायचा. "काय म्हणतो तुझा भाविक? माझ्या प्रोजेक्टमध्ये असा एक रिसोर्स असता ना, काहीही विचारत नाही, वेळेवर हजर, वर उपाशी." "चेष्टा करू नकोस," मी म्हणायची. "नाही गं, सीरियसली. मला त्याचा हेवा वाटतो. कोणीतरी त्याला आठवड्यातून एकदा गोष्ट सांगतं." तो मॉनिटरकडे बघत बोलला. उन्हाळ्यात सामने संध्याकाळी सातचे. इथला ऑगस्ट दुपारी खेळू देत नाही. सकाळी आठपर्यंत उपाशी राहून काही बिघडायचं नाही. ऑक्टोबर लागला आणि सामने दुपारी एकचे झाले. हे मला माहीत नव्हतं असं मी अजूनही म्हणू शकत नाही. दाराच्या पेटीत क्लबचं पत्रक यायचं, त्यावर वेळ छापलेली असायची. मला एवढंच माहीत नव्हतं की एक वाजता खेळायचं तर सकाळी भरपूर खावं लागतं आणि दहाच्या पुढे काही खाऊन चालत नाही. मला हे माहीत असायला हवं होतं. ज्याला आपण उपाशी ठेवतो त्याला भूक कधी लागते हे माहीत असायला हवं.

ऑक्टोबरचा दुसरा रविवार. तेव्हा आठ दिवस उशीर होता. आठ, म्हणजे मी नाव ठेवण्यापर्यंत पोचले होते. सत्यजितचं कसलं तरी रिलीज होतं, तो शनिवारीच ऑफिसला गेला होता आणि परतला नव्हता. सात वाजता मी रक्तचंदन उगाळत होते, पोटात एक कळ आली, ओळखीची, आणि मी सहाणेवरचा हात उचलून उठले, कारण त्या हाताने आता सहाणेला शिवायचं नव्हतं. इथे चार दिवस बाजूला बसायला ना बाजू आहे ना बसवणारं कोणी. स्वयंपाक मीच करते, पण फडताळातल्या देवांना, वाटीला, दाण्यांना हात लावत नाही आणि कहाणी सांगत नाही, एवढं पाळते. आईंनी तेवढं तर दिलं आहे मला. तेव्हाही इथेच, याच कडेवर बसले होते. रडणं आलं नाही. खांद्यांवरून ओलं गोणपाट ओढून घेतल्यासारखं वाटलं आणि त्याखाली शांत, अंधार. साडेसात झाले. आठ झाले. खाली तो उभा असेल हे मला कळत होतं. मी स्वतःला सांगितलं, तो समजेल, वर जाऊन खाईल. फोन करता आला असता. पण फोनवर काय सांगायचं? एका परक्या पुरुषाला, जपानीत, काय म्हणून सांगायचं? बरं नाही म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं काय होतंय. अडचण आहे म्हटलं असतं तर काय अडचण. सांगण्यासारखं नसतं. नऊ वाजता बेल वाजली. एकदाच. तो नेहमी एकदाच वाजवतो. मी उठले नाही. नळ थेंब थेंब गळत होता तो घट्ट बंद केला, आत कोणी आहे हे कळू नये म्हणून. थोड्या वेळाने जिन्यावरून पावलं खाली गेली, हळू, एकेक पायरी, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मला कबूल करायचं आहे. मला सुटल्यासारखं वाटलं.

सामन्याचं मला पुढच्या रविवारी कळलं, चुकलेल्या रविवारची धरून कहाणी दोनदा सांगून झाल्यावर. तो कठड्याला टेकून होता, मांडीला पट्टी. "तुम्ही आला नाहीत," तो म्हणाला. तक्रार नव्हती, सामन्याचं वर्णन करावं तसं. "मग?" "मग काय. वाट पाहिली." "खाल्लंत ना?" तो हसला. "केळं होतं खिशात. काढलं. मग वाटलं, ओकुसान जिन्यात असतील." बसमध्येही खाल्लं नाही, कारण फोन येईल असं वाटत होतं. कपडे बदलायच्या खोलीतही फोन मांडीवर होता. प्रशिक्षकाने फोन बंद करायला सांगितले तेव्हा बारा वाजले होते आणि खायची वेळ गेली होती. ऐंशी मिनिटं तो उभा राहिला. त्र्याऐंशीव्या मिनिटाला त्यांचा एक पोरगा, एकोणीस वर्षांचा, त्याच्या मागे पळाला. वरून चेंडू आला. कमरेकडे बघायला वळलो, तो म्हणाला, तर पाय वळले नाहीत. मांडीत गोळा आला. हातात फक्त पोराचा शर्ट आला, तो धरला. पेनल्टी, लाल कार्ड, एक शून्य. "त्यांनी माझं नाव भोंग्यावर घेतलं," तो म्हणाला. "दोनदा. एकदा जपानीत, एकदा इंग्लिशमध्ये." मी विचारलं, भुकेने झालं का. विचारताना माझा आवाज निघाला नसावा, कारण त्याने वाकून परत ऐकलं. "छे. गुडघा. चौतीस वर्षं. ती भूक नाही," तो म्हणाला आणि तुटलेली भुवई खाजवली. चौतीस वर्षांचा गुडघा त्याच्या आदल्या रविवारी चौतीसचाच होता, आणि त्या सामन्यात तो चुकला नव्हता.  त्याने तेव्हाही विचारलं नाही की का आला नाहीत. विचारलं असतं तर मी काय केलं असतं, या विचारातच मी रोज रात्रीचं दूध तापवते, कपडे वाळत घालते. त्यानंतर त्याला खेळवलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी ऑफिसात बोलावून सांगितलं. त्याला इथे एक शब्द आहे, सेन्‌र्योकुगाई. म्हणजे आता आमच्या ताकदीत तुम्ही धरलेले नाही. दुभाष्याने तो शब्द तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने समजावला, फिदे-सान म्हणाला, बिचारा घामाघूम झाला, शेवटी मीच त्याला म्हटलं, कळलं मला, पाणी पी.

करार गेला की जानेवारीत घर जाणार, मग व्हिसा. फ्रेस्नियोला बायको आणि मुलगी. मुलगी हल्ली फोनवर येत नाही, शाळा असते म्हणते. गावी परत जाऊन काय करणार विचारलं तर म्हणाला, खाण. मला वाटलं थट्टा. त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. वडिलांची छाती खाणीतल्या धुळीने गेली, ते चाळीसचे होते. आता एकच दार उरलं आहे आणि ते आज उघडतं. क्लबांनी सोडलेल्या खेळाडूंना डिसेंबरात एका मैदानावर बोलावतात, तुकड्या पाडून पंधरा-पंधरा मिनिटं खेळवतात. कठड्यामागे बाकीच्या क्लबांची माणसं वह्या घेऊन बसतात. शंभरातले पाच-सहा उचलले जातात. चौतीसचा, परदेशी, बचाववाला, लाल कार्डाचा. गेल्या रविवारी त्याने सांगितलं, दहा वाजता हजेरी, अकराला सुरू. आठच्या तोझाई लाईनने निघायचं. म्हणजे साडेसातला ऐकून, पावणेआठला खाऊन. मी म्हटलं, "फिदे-सान, या वेळी आधी खा. मी भिंतीला सांगीन. देव रागावणार नाही." त्याने मूठ उघडून दाणे पाहिले. मग म्हणाला, "ओकुसान, सहा वर्षांत मी इथे कशाचा कोण आहे? क्लबने सांगितलं, तू नाहीस. रविवारी सकाळी दहा मिनिटं मी कोणीतरी असतो. खाऊन आलो तर तेही नाही." मग त्याने विचारलं, "याल ना?" त्या आवाजात पहिल्यांदा मला तो जिना ऐकू आला, नऊ वाजताचा, एकेक पायरी. "येईन," मी म्हटलं. "काहीही झालं तरी?" "काहीही झालं तरी साडेसातला येईन." एवढी वर्षं नेम केले, देवाला शब्द दिले, पण माणसाला असा शब्द मी पहिल्यांदा दिला असेन.

पावणेसात. बाहेर उजाडतंय, खिडकीच्या जाड काचेतून नुसता राखाडी उजेड. मी उठून कपडे बदलले. पोटात ती कळ आता स्थिर झाली आहे, घरातल्या माणसासारखी. स्वयंपाकघरात फडताळावर देव आहेत, त्यांच्यापुढे काल रात्रीच काढून ठेवलेलं शिसोचं पान, सहा गाठींचा दोरा, वाटीत बारा दाणे. मी त्यांच्यापुढे दोन हात लांब उभी आहे. आईंचा आवाज येतो आहे, चिडलेला नाही, त्या कधी चिडत नसत. अडचण आली तर सोडायचा. सांगायचं नाही. आई, मी मनात म्हणते, तुम्ही इतक्या वर्षांत मला एकदाही विचारलं नाही, काही विशेष? म्हणून. सगळे विचारायचे, तुम्ही नाही. तुम्ही सूत वळून द्यायच्या. तुम्हाला कळत होतं म्हणून विचारत नव्हता, की तुमच्याही वेळी कोणी तुम्हाला सांगू दिलं नव्हतं? सत्यजित एकुलता एक, लग्नानंतर नवव्या वर्षी झालेला. त्या नऊ वर्षांचे रविवार तुम्ही कुणाला सांगितले? आवाज थांबतो. फ्रीज गुरगुरतो. मला माहीत आहे की आज कहाणी सांगितली तर व्रत मोडेल, आणि श्रावणापासूनचे सगळे रविवार पाण्यात जातील, आणि जे मागितलं ते मिळणार नाही. ते तसंही मिळणार नाही हे मला सव्वासहा वाजता कळलं आहे. कदाचित ऑक्टोबरात कळलं होतं. कदाचित बॅगेचं वजन होत असतानाच. त्यालाही उचलणार नाहीत. हे मला तितकंच स्वच्छ दिसतं आहे, वह्या मिटतात, माणसं गाड्यांत बसतात. पण त्याचे पाय आज भुकेने थांबता कामा नयेत. गुडघ्याने थांबले तर ते गुडघ्याचं. माझ्यामुळे नको.

मी गॅस पेटवला. भात, त्यावर अंडी, त्याने एकदा सांगितली होती तशी, मिरची आणि टोमॅटो घालून. या घरात मी अंडं पहिल्यांदाच फोडलं, कवच कसं धरायचं तेही हाताला माहीत नव्हतं, एक तुकडा आत पडला तो चमच्याने काढला. दोन केळी. डबा सत्यजितचा, ऑफिसचा, तीन कप्प्यांचा. वाटीतल्या दाण्यांना शिवले नाही. खाली तांदळाचा डबा आहे, रोजच्या भाताचा, इथला आखूड, चिकट तांदूळ. त्यातले बारा दाणे मोजून घेतले आणि मूठ मिटली. हे देवाचे नाहीत. घरचे आहेत. ते चालतील की नाही, हे विचारायला कोणी नाही. जिना उतरताना कसं सांगायचं याची मी जपानीत जुळवाजुळव करत होते. त्या रविवारी बेल वाजली तेव्हा मी आत होते. घरातच. मला मूल हवं होतं, त्या दिवशी कळलं की नाही. आजही नाही. म्हणून तेव्हा आले नाही, आणि म्हणूनच आज आधी हे सांगते, मग कहाणी. आधी खा. तुम्ही खात असताना सांगीन. जपानीत 'मूल' हा शब्द मला पहिल्याच धड्यात शिकवला होता, तो अजून कधी वापरला नव्हता.

चप्पल घालत होते तेव्हा आतून सत्यजितचा झोपेतला आवाज आला. "निघालीस? कहाणीला?" रविवारी तो विचारतो, मी उत्तर देत नाही, तो परत झोपतो, असं ठरलेलं आहे.

"नाही," मी म्हटलं. "जेवण द्यायला."

आत पांघरूण सरकल्याचा आवाज झाला. तो उठून बसला असावा. मी बोलले होते, आणि काय झालं आहे ते त्याला कळलं होतं. "जयू," तो म्हणाला. मग, "जा. गार होईल ते."

मी दार ओढून घेतलं. सात पंचवीस. जिन्याच्या जाळीतून गार वारा येत होता. एका हातात गरम डबा, दुसरी मूठ मिटलेली. मी उतरायला लागले, नेहमीसारखी सावकाश नाही.